बाबांचा दावा स्टेट कोर्टातून फेडरल कोर्टात नेला, आम्हाला न विचारता. आता पुढे काय?

सांगलीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबा गेल्या वर्षी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. बी-२ व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम. एका सकाळी ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणायला गेले. येताना चालणाऱ्यांचा सिग्नल चालू होता, बाबा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होते आणि उजवीकडे वळणाऱ्या ट्रकने त्यांना धडक दिली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने वॉकर, आता सांगलीत काठी घेऊन चालतात. वय ७१. गणपतीला माडीवरचा देव्हारा खाली आणावा लागला, कारण जिना चढवत नाही.

इथल्या वकिलांमार्फत न्यू ब्रन्सविकला, म्हणजे मिडलसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, नुकसानभरपाईचा दावा लावला. वादी बाबा. प्रतिवादी दोन: ट्रकचा ड्रायव्हर आणि त्याची कंपनी. दोघंही पेनसिल्व्हेनियाचे. कंपनी एलएलसी (मर्यादित दायित्व कंपनी) आहे. कंपनीचं नाव इथे देत नाही, कुणी विचारू नये.

समन्स बजावल्यापासून २८व्या दिवशी वकिलांची मेल आली: "त्यांनी केस फेडरल कोर्टात रिमूव्ह केली." सोबत पीडीएफ. पहिल्याच पानावर न्यू जर्सी सुपीरियर कोर्टाऐवजी युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट, खाली नवा नंबर. सुनावणी नाही, आम्हाला विचारणं नाही. समोरच्याने कागद टाकला आणि केस उचलून नेली!

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे आपण हरलो का रे?" मला नीट उत्तर देता आलं नाही. वकील चांगले आहेत पण गडबडीत असतात. हे नक्की काय आहे, कुणी उलगडून सांगेल का?

---

अप्पा_कोल्हापूर

वडिलांच्या प्रकृतीला आराम पडो. मी ३४ वर्षं दिवाणी न्यायालयात नोकरी केली, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. अमेरिकेतलं मला माहीत नाही, पण वाचून आश्चर्य वाटलं म्हणून लिहितो.

आपल्याकडे दावा एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात न्यायचा तर अर्ज करावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४, जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर कलम २५, थेट सर्वोच्च न्यायालय. माहेरी परतलेल्या बायका नवऱ्याने दुसऱ्या राज्यात लावलेला दावा आपल्या गावी आणायला हाच अर्ज करतात. अर्ज, नोटीस, दोन्ही बाजूंचं म्हणणं, मग आदेश. आदेशाशिवाय आमच्या रेकॉर्ड रूममधून एक फाइल हलत नसे.

शिवाय आपली न्यायव्यवस्था एकाच उतरंडीची. आता कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, तर सांगली-साताऱ्याच्या फायली मुंबईहून इकडे आल्या. पण कोर्ट तेच, जागा बदलली. तिथे दोन निराळी कोर्टं एकाच गावात कशी नांदतात आणि नुसत्या नोटिशीवर दावा कसा जातो, हे मलाही समजून घ्यायचंय.

---

रेवा_फिली

सांगलीवाले, आधी बाबांना सांगा: हरलेलं काहीच नाही. दाव्याच्या गुणदोषांवर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नाही.

मी फिलाडेल्फियात वकिली करते, न्यू जर्सीची सनदही आहे. तुमच्या वकिलांच्या कामात लुडबूड करणार नाही, फक्त यंत्रणा कशी चालते ते सांगते.

अप्पा, तुमचा प्रश्न अगदी मुळाशी जातो. इथे प्रत्येक राज्याची आपली पूर्ण न्यायव्यवस्था आहे आणि तिच्या शेजारी केंद्राची वेगळी. स्टेट कोर्टात जवळपास काहीही चालतं. फेडरल कोर्टात मात्र मोजक्याच गोष्टींना दार उघडतं. दिवाणी दाव्यांसाठी मुख्य दारं दोन. एक, दावा फेडरल कायद्यावर उभा असेल तर. दोन, वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे किंवा एक बाजू परदेशी नागरिक असेल आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असेल तर. दुसऱ्याला इथे सगळे डायव्हर्सिटी म्हणतात.

वादीने स्टेट कोर्ट निवडलं, पण तोच दावा मुळात फेडरल कोर्टातही लावता आला असता, तर प्रतिवादीला तो तिकडे न्यायचा हक्क आहे. परवानगी लागत नाही. तो फेडरल कोर्टात नोटीस दाखल करतो, सोबत स्टेट कोर्टातले सगळे कागद जोडतो, ४०५ डॉलर फी भरतो, तुम्हाला कळवतो आणि एक प्रत स्टेट कोर्टाच्या क्लार्ककडे देतो. ती प्रत तिथे पोचली की स्टेट कोर्टाचे हात थांबले. कायद्याचे शब्दच असे आहेत की त्यापुढे राज्य न्यायालयाने काहीही करू नये. वादीला हा हक्क नाही, त्याने आपलं कोर्ट आधीच निवडलेलं असतं.

म्हणून इथे प्रश्न "परवानगी कुणी दिली" असा विचारायचा नसतो. "नेलं ते बरोबर होतं का" असा विचारायचा असतो, आणि तो वादीने विचारायचा असतो. चुकीचं असेल तर केस परत पाठवतात. त्याला रिमांड म्हणतात.

इथे एक तारीख लिहून ठेवा. नोटीस फेडरल कोर्टात दाखल झाल्यापासून ३० दिवस. नोटिशीत किंवा प्रक्रियेत काही खोट असेल तर त्या ३० दिवसांत रिमांडचा अर्ज द्यावा लागतो. नंतर ती खोट कायमची माफ. पण कोर्टाला मुळात अधिकारच नसेल, तर त्याला मुदत नाही. निकालाच्या आदल्या दिवशीही तो मुद्दा काढता येतो.

---

अप्पा_कोल्हापूर

रेवाताई, छान समजावलंत. सांगलीवाले, वडिलांशी बोलताना रिमांड शब्द जरा जपून वापरा. आपल्याकडे रिमांड म्हटलं की माणसाला पोलीस कोठडी आठवते. "केस परत आपल्या कोर्टात" असं सांगा.

---

सांगलीवाला

रेवाताई, मनापासून आभार. नोटीस दाखल होऊन आज ९ दिवस झाले, २१ उरलेत. फ्रिजवर लिहून लावलं.

बाबांना अप्पांच्या शब्दांत सांगितलं. म्हणाले, "मग ठीक. कोर्ट बदललं, अपघात थोडाच बदलला."

दोन प्रश्न. त्यांच्या नोटिशीत लिहिलंय की रक्कम ७५,००० च्या वर आहे. आमच्या दाव्यात आकडाच नव्हता, मग हे त्यांनी कुठून आणलं? आणि फेडरल कोर्टात गेल्याने आमचं नुकसान काय?

---

रेवा_फिली

आकडा नव्हता कारण न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे अशा दाव्यात वादीने रक्कम लिहायचीच नसते, नुसती भरपाई मागायची. म्हणून अशा ठिकाणी प्रतिवादीला स्वतः आकडा मांडायची मुभा आहे. २०१४ साली डार्ट चेरोकीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोटिशीत विश्वास बसण्याजोगं विधान पुरे, पुरावा लागतो तो वादीने हरकत घेतल्यावर. खुब्याची शस्त्रक्रिया, ७१ वर्षांचा माणूस, हॉस्पिटलचं बिल... खरं सांगायचं तर रकमेवरून भांडण्यात अर्थ नाही. आणि "आमचं नुकसान एवढं नाही" असं स्वतःच म्हणणं तुम्हाला परवडणारही नाही.

नुकसान काय? कायदा तोच राहतो. निष्काळजीपणा म्हणजे काय, भरपाई कशी मोजायची, हे सगळं न्यू जर्सीच्याच कायद्याने. हा नियम १९३८ च्या ईरी निकालातून आला, आणि त्यातली हकिकत तुमच्या बाबांच्या जवळची आहे. पेनसिल्व्हेनियात रुळांच्या कडेच्या पायवाटेने रात्री चालणाऱ्या माणसाला जाणाऱ्या मालगाडीच्या डब्यातून बाहेर आलेल्या वस्तूचा, बहुधा दाराचा, फटका बसला आणि त्याचा हात गेला. भरपाई कुठल्या कायद्याने, यावर तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

बदलते ती ज्यूरी आणि वेळापत्रक. न्यू जर्सीच्या दिवाणी ज्यूरीत सहा जण, त्यातल्या पाचांचं मत जुळलं की निकाल. फेडरलमध्ये किमान सहा, पण दोन्ही बाजूंनी वेगळं ठरवलं नसेल तर एकमत लागतं. एक माणूस अडून बसला तर सगळं अडतं. शिवाय न्यू ब्रन्सविकला ज्यूरी मिडलसेक्स काउंटीतली, म्हणजे ओक ट्री रोडचा तो चौक रोज ओलांडणारी माणसं. फेडरल ज्यूरी त्याहून खूप मोठ्या भागातून येते. विमा कंपन्यांचे वकील केस तिकडे न्यायला धडपडतात ते यासाठीच.

---

ऑस्टिनचे_तात्या

सांगलीवाले, ३० दिवसांचं मी माझ्या हाताने पोळून घेतलंय. लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये.

गारपिटीत आमच्या घराचं छप्पर गेलं. विमा कंपनीने चौथाई पैसे देऊन हात वर केले. मी टेक्सासच्या स्टेट कोर्टात कंपनी आणि दुसरी एक फर्म, अशा दोघांवर दावा लावला. कंपनीने केस फेडरलमध्ये नेली. माझे तेव्हाचे वकील म्हणाले, बघू. मी पण म्हटलं, बघू. दिवाळी होती, घरी पाहुणे होते.

नंतर दुसऱ्या वकिलांनी कागद पाहिले. म्हणाले, तात्या, प्रतिवादी जितके असतील आणि ज्यांना समन्स पोचलंय त्या सगळ्यांची संमती लागते. दुसऱ्या फर्मची संमती नोटिशीत नाहीच! हा एवढा एक मुद्दा केस परत आणायला पुरला असता. पण तो दिवस ३४वा होता. चार दिवसांनी गेला. संमती नसणं ही प्रक्रियेतली खोट, अधिकाराचा प्रश्न नाही, म्हणून मुदतीनंतर कोर्ट ऐकत नाही.

केस पुढे तडजोडीत संपली, पैसे मिळाले, तक्रार नाही. पण ते चार दिवस अजून डोक्यात आहेत.

---

उर्मी_क

मला इतिहासाची आवड म्हणून एक भर. हा हक्क अमेरिकेच्या अगदी पहिल्या न्यायव्यवस्था कायद्यात, १७८९ मध्येच आहे. भीती अशी की परराज्यातल्या माणसाला स्थानिक कोर्टात न्याय मिळणार नाही, ज्यूरी गाववाल्याच्या बाजूने झुकेल. तेव्हा रकमेची अट ५०० डॉलर होती. १८८७ ला २,०००, १९११ ला ३,०००, १९५८ ला १०,०००, १९८८ च्या कायद्याने ५०,००० आणि १९९६ च्या कायद्याने ७५,०००. त्यानंतर आकडा हललेलाच नाही. तेव्हाचे ७५,००० आणि आजचे यात केवढा फरक! म्हणजे दार दरवर्षी आपोआप थोडं आणखी उघडतंय.

एक शंका. वादी परदेशी नागरिक आणि पळवून नेणारा अमेरिकन. मग "परक्याला संरक्षण" हा हेतू इथे उलटा नाही का झाला? परके तर सांगलीचे काका आहेत.

---

रेवा_फिली

उर्मी, शंका रास्त आहे. कायदा हेतू बघत नाही, नागरिकत्व मोजतो. मात्र एक कुंपण आहे: कुणीही प्रतिवादी त्याच राज्याचा नागरिक असेल जिथे दावा लागलाय, तर डायव्हर्सिटीच्या आधारावर केस नेता येत नाही. गाववाल्याला गावच्या कोर्टाची भीती कशाला? आपला ड्रायव्हर न्यू जर्सीचा असता तर हा मुद्दा निघाला असता. पण त्यातही फट आहे. कायद्यात "समन्स बजावलेला प्रतिवादी" असे शब्द आहेत, म्हणून मोठ्या कंपन्या रोज कोर्टाची यादी चाळतात आणि समन्स पोचायच्या आतच नोटीस टाकतात. आमच्या तिसऱ्या सर्किटने, म्हणजे न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियावरच्या फेडरल अपील कोर्टाने, २०१८ मध्ये शब्दांवर बोट ठेवून हे चालेल असं म्हटलं. मला तो निकाल पटलेला नाही, पण इथे तोच लागू आहे. वादीने दावा लावताच समन्स बजावायची घाई करावी, एवढंच.

सांगलीवाले, आता तुमच्याकडे वळते. तुमच्या पहिल्या पोस्टमधले दोन शब्द काल रात्रीपासून डोक्यात फिरताहेत: "कंपनी एलएलसी". नोटिशीत कंपनीच्या नागरिकत्वाबद्दल नेमकं काय लिहिलंय? जसंच्या तसं टाका, नावं गाळून.

---

सांगलीवाला

ताई, तिसऱ्या पानावर आहे. मराठीत लिहितो: "प्रतिवादी कंपनी ही पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार स्थापन झालेली मर्यादित दायित्व कंपनी असून तिचे मुख्य कार्यालय पेनसिल्व्हेनियात आहे. म्हणून ती पेनसिल्व्हेनियाची नागरिक आहे." एवढंच.

---

रेवा_फिली

हीच खोट. आणि ती वरवरची नाही.

कॉर्पोरेशनचं नागरिकत्व दोन ठिकाणी असतं: जिथे नोंदणी झाली ते राज्य, आणि जिथून कारभार हाकला जातो ते राज्य. २०१० मध्ये हर्ट्झ निकालाने दुसऱ्याला कंपनीचं मज्जाकेंद्र म्हटलं. पण एलएलसीला हा नियम लागू नाही. एलएलसीचे जितके सदस्य, म्हणजे भागीदार-मालक, त्या प्रत्येकाचं नागरिकत्व हे त्या एलएलसीचं नागरिकत्व. तिसऱ्या सर्किटने २०१० च्या झँबेली निकालात हे स्पष्ट सांगितलंय. ऑफिस कुठे आहे याला काडीचीही किंमत नाही. अनुभवी वकीलही इथे घसरतात.

आता बाबांच्या दृष्टीने. बाबा भारताचे नागरिक, राहणार सांगली. समोर सगळे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याचे नागरिक असतील तर फेडरल कोर्टाला अधिकार आहे. पण समोर एक जरी परदेशी नागरिक निघाला, तर एका बाजूला परदेशी आणि दुसऱ्या बाजूलाही परदेशी. मग अधिकार नाही. भारताचाच असायला हवा असंही नाही, कुठल्याही देशाचा चालेल.

ग्रीनकार्ड असलेला? लोक इथे चुकतात. १९८८ ची दुरुस्ती म्हणत होती की कायम रहिवासी परदेशी माणूस राहतो त्या राज्याचा नागरिक समजावा. त्यावरून कोर्टांत बरीच मतं झाली. २०११ मध्ये संसदेने ते वाक्य काढून टाकलं, जानेवारी २०१२ पासून नवा मजकूर लागू आहे. आता ग्रीनकार्डवाला पासपोर्ट ज्या देशाचा त्याच देशाचा नागरिक.

ट्रकिंग कंपनीचे मालक कोण आहेत ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण त्यांना सांगावं लागेल. १ डिसेंबर २०२२ पासून फेडरल नियम ७.१ प्रमाणे डायव्हर्सिटीच्या प्रत्येक केसमध्ये पक्षकाराने एक निवेदन द्यायचं असतं: ज्या ज्या व्यक्तीचं नागरिकत्व आपल्याला चिकटतं तिचं नाव आणि नागरिकत्व. पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांचे कागद ऑनलाइन दाखवणाऱ्या साइटवर बघा, दाखल झालंय का. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच नाही.

---

सांगलीवाला

पेसरवर खातं उघडलं. आतापर्यंत ४ नोंदी. नोटीस, फीची पावती, न्यायाधीश नेमल्याची नोंद, त्यांच्या वकिलांचं वकीलपत्र. निवेदन नाही!

तुमची पोस्ट छापून वकिलांना नेऊन दिली. वाईट नाही वाटलं त्यांना, उलट दोनदा वाचली. म्हणाले, समोरच्यांना आजच पत्र पाठवतो की नियम ७.१ चं निवेदन द्या, नाहीतर कोर्टाला कळवतो.

---

निशिगंध

धागा थोडा वळवतेय, माफ करा. नाव लपवून नवा आयडी घेतलाय. मी ओहायोत आहे. घटस्फोटाची केस काउंटी कोर्टात चालू आहे, मुलगा सहा वर्षांचा. नवरा आता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलाय आणि म्हणतो, "मी केस फेडरल कोर्टात नेईन, तुझे पैसे वकिलातच संपतील." हे होऊ शकतं का? रात्र रात्र झोप लागत नाही.

---

रेवा_फिली

निशिगंध, नाही. घटस्फोट, पोटगी आणि मुलाचा ताबा यांचे हुकूम फेडरल कोर्ट देत नाही. हा जुना अपवाद आहे आणि सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये अँकनब्रँट खटल्यात पुन्हा पक्का केलाय. नवरा दुसऱ्या राज्यात गेला, घर लाख डॉलरचं आहे, यानं फरक पडत नाही. त्याने कागद टाकलाच तर काही दिवस खोळंबा होईल, मग केस परत येईल, आणि नेण्याला काही सबळ आधारच नव्हता असं दिसलं तर तुझ्या वकिलाचा खर्च त्याच्यावर बसू शकतो. तुझ्या वकिलांना ही धमकी लेखी कळवून ठेव. फी झेपत नसेल तर तुझ्या काउंटीत लीगल एड कुठे आहे ते मी शोधून देते. मला व्यक्तिगत संदेश कर, अगदी आज.

---

निशिगंध

ताई, संदेश केलाय. डोळे भरून आले. धन्यवाद.

---

उर्मी_क

निशिगंध, आम्ही सगळे आहोत. कधीही लिही.

रेवाताई, पहिल्या दाराबद्दल, फेडरल कायद्याच्या, तुम्ही फार बोलला नाहीत.

---

रेवा_फिली

बाबांच्या केसमध्ये ते लागू नाही म्हणून. पण त्यातली एक जुनी गोष्ट सांगते, कारण अपघाताचीच आहे.

केंटकीतलं मॉटली दांपत्य १८७१ च्या रेल्वे अपघातात जखमी झालं. दावा न लावण्याच्या बदल्यात लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेने त्यांना जन्मभराचा फुकट पास दिला. ३० हून जास्त वर्षं पास चालला. मग संसदेने फुकट पासांवर बंदी घातली आणि रेल्वेने पास नाकारला. ते फेडरल कोर्टात गेले, म्हणाले, ही बंदी आम्हाला लागू नाही. खालच्या कोर्टात जिंकले. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोणीही न मागता विचारलं, हे कोर्टात आलंच कसं? तुमचा दावा कराराचा, म्हणजे राज्याच्या कायद्याचा. फेडरल कायदा रेल्वेच्या बचावात आहे, तुमच्या दाव्यात नाही. सगळं रद्द. बिचारे पुन्हा स्टेट कोर्टातून सुरुवात करून १९११ मध्ये परत सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले आणि तेव्हा गुणदोषांवर हरले.

तेव्हापासूनचा नियम: वादीचा दावा वाचायचा, बचाव नाही. म्हणून प्रतिवादी "माझ्या बचावात फेडरल कायदा आहे" एवढ्यावर सहसा केस नेऊ शकत नाही. आणि १५ जानेवारी २०२५ ला रॉयल कॅनिन खटल्यात आणखी एक पाऊल पडलं. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावरून मिसूरीतल्या ग्राहकांनी दावा लावला, कंपनीने फेडरल मुद्द्यावर तिकडे नेला, ग्राहकांनी दाव्यातून फेडरल मुद्दे काढून टाकले. सुप्रीम कोर्ट एकमताने म्हणालं, मग केस परत जायला हवी.

---

ऑस्टिनचे_तात्या

सांगलीवाले, २१ दिवस मोजताय ना?

---

सांगलीवाला

मोजतोय तात्या. आज २४वा दिवस, आणि आज निवेदन आलं.

एकच पान आहे. छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि बायकोबरोबर दोनदा वाचलं. कंपनीचे सदस्य दोन. पहिला: पेनसिल्व्हेनियाचा नागरिक. दुसऱ्याच्या नावापुढे: अमेरिकेचा कायम रहिवासी, भारताचा नागरिक.

बायको म्हणाली, "म्हणजे तोही बाबांसारखाच."

वकिलांना फोन केला तर ते म्हणाले, मीही आत्ताच वाचलं, रिमांडचा अर्ज उद्या दाखल करतो. हा अधिकाराचा मुद्दा आहे, ३० दिवसांची मुदत त्याला नाही, तरी आतच देऊ.

---

रेवा_फिली

अगदी बरोबर करताहेत. आणि मुद्दा आत्ताच काढला हे फार महत्त्वाचं. का, ते ऐका.

२००४ चा ग्रुपो डेटाफ्लक्स खटला. मेक्सिकोची एक कंपनी प्रतिवादी, वादी टेक्सासमधली भागीदारी संस्था. तिचे दोन भागीदार मेक्सिकोचे नागरिक, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तीन वर्षं केस चालली, ज्यूरी बसली, वादीला साडेसात लाख डॉलर मिळाले. मग समोरच्यांनी सांगितलं की दावा लावला तेव्हा दोन्हीकडे मेक्सिकन होते. खटला उभा राहण्याच्या महिनाभर आधी ते दोन भागीदार बाहेरही पडले होते. तरी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, दावा लावला त्या दिवशीची स्थिती बघायची. सगळं शून्य. तुमच्या बाबांनी निकाल जिंकावा आणि मग कुणीतरी हा कागद काढावा, यापेक्षा आज परत जाणं हजारपट बरं. समोरचे आता तो सदस्य काढून टाकतील तरी उपयोग नाही.

---

अप्पा_कोल्हापूर

हे वाचून मला आमचा जुना प्रघात आठवला. नवा दावा आला की आधी हद्द, मग मुदत, मग कोर्ट फी तपासायची. हद्द चुकली तर बाकी सगळं कितीही सुंदर असलं तरी पाण्यात. तुमच्याकडे हे तपासायचं काम वादीवर पडतं, एवढाच फरक दिसतो.

---

सांगलीवाला

साडेपाच आठवड्यांनी लिहितोय.

समोरच्या वकिलांनी अर्जाला विरोध केला नाही. न्यायाधीशांचा दोन पानी आदेश आला: दोन्ही बाजूंना परदेशी नागरिक असल्याने या न्यायालयाला अधिकार नाही, केस मिडलसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टात परत. आमच्या वकिलांनी खर्च मागितला होता, तो दिला नाही. वकील म्हणाले, ते अपेक्षितच होतं, आणि समोरच्यांना अशा रिमांडवर अपील करता येत नाही. प्रमाणित प्रत फेडरल क्लार्कने न्यू ब्रन्सविकला पाठवली. जुना नंबर पुन्हा चालू झाला.

बाबांना सांगितलं. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या माणसाचा पासपोर्ट आपल्यासारखाच, म्हणून परत आलो होय."

आता पुढचं. बाबांची साक्ष व्हिडिओवर नोंदवायची आहे. न्यू ब्रन्सविकची सकाळ ९, म्हणजे सांगलीत संध्याकाळी साडेसहा. काय तयारी करावी?

---

ऑस्टिनचे_तात्या

परत आलात! फार फार बरं वाटलं. साडेसहा म्हणजे काकांच्या जेवणाची वेळ जवळ येते. साक्ष तीन-चार तास चालते, आधी नीट खाऊन बसू दे. पाण्याचा तांब्या हाताशी.

---

रेवा_फिली

अभिनंदन. बाबांना एकच सांगा: आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, अंदाज करायचा नाही. मराठी दुभाषी मागितलाय ना? हिंदीवर भागवू देऊ नका. खोलीत दुसरं कोण बसू शकतं ते वकिलांना आधीच विचारून घ्या.

---

अप्पा_कोल्हापूर

सांगलीत संध्याकाळी वीज जाते. इन्व्हर्टर तपासा. आणि इंटरनेटला मोबाइलची दुसरी सोय ठेवा.

---

सांगलीवाला

मराठी दुभाषी नक्की झाला. खोलीत दुसऱ्या कुणी बसायचं नाही असं ठरलंय, आई बाहेर सोप्यात बसेल. शेजारच्या मुलाने लॅपटॉप लावून बाबांना दोनदा सराव करून दिला, काठी कॅमेऱ्यात येईल अशी उभी करून ठेवली होती ती बाबांनीच बाजूला घेतली. अप्पा, इन्व्हर्टरची बॅटरी आज सकाळी बदलली. मंगळवारी साडेसहाला.